चष्म्याच्या दुकानातलं वाक्य

मास्तरांच्या घरात मोकळेपणाने बोलायची सोय नव्हती. म्हणजे मास्तर तापट होते किंवा घरात कुणाचा धाक होता असं नाही. मास्तर म्हणजे अगदी गरीब गाय. भानगड अशी होती की ते इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक लिहीत, आणि घरात कुणी जरा बरं वाक्य बोललं की त्यांचा हात शर्टाच्या खिशाकडे जाई. खिशात कागदाचे कपटे असत. वाक्य आधी कपट्यावर उतरे, तिथून इंग्रजीत जाई, आणि वर्षभराने बघावं तर आपण कर्मणी प्रयोगात छापून आलेले.

अधूनमधून मुक्कामाला येणाऱ्या मावशीचं घोरणं चालू वर्तमानकाळात होतं. शेजाऱ्यांच्या कुत्र्याने पळवलेला बूट कर्मणी प्रयोगात होता. मास्तरांचे थोरले भाऊ, म्हणजे दादा, स्वतःचं चष्म्याचं दुकान असून स्वतःचाच चष्मा रोज हरवत, आणि त्यामुळे ते पूर्ण वर्तमानकाळात कायमचे अडकले होते : 'मी माझा चष्मा हरवला आहे.' दादांच्या बायकोची, वहिनींची, सोय जर-तरच्या वाक्यांत लागली होती. 'उशिरा येणार हे सांगितलं असतं, तर मी जेवायची थांबले नसते' हे त्या मास्तरांनाच बोलल्या होत्या, तेही चांगल्या तणतणून. मास्तरांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं होतं आणि मग हळूच विचारलं होतं, "वहिनी, परत एकदा म्हणता?"

मास्तरांचं लग्न करायचं राहूनच गेलं होतं. खाली दुकान, वर घर, आणि घरातली रस्त्याकडची खोली त्यांची. शाळेतून आले की ते तिथे बसत. आपल्या उदाहरणांचा त्यांना भारी अभिमान होता. बाकीच्या पुस्तकांत मुलगा सफरचंद खातो, मुलगी पत्र लिहिते आणि पुढे दोघांचं काहीच होत नाही, अशा वाक्यांना ते मेलेली वाक्यं म्हणत. आपल्या पुस्तकात मेलेलं वाक्य घालायचं नाही, असा त्यांचा पण होता.

एका धड्याने मात्र त्यांना घाम फोडला होता. इंग्रजीत एक प्रकार आहे, त्याला म्हणतात अ‍ॅब्सोल्यूट कन्स्ट्रक्शन. नाव ऐकून घाबरायचं कारण नाही. मुख्य वाक्याच्या अलीकडे किंवा पलीकडे एक तुकडा येऊन बसतो. त्याचा कर्ता त्याचा स्वतःचा, क्रियापद अर्धंमुर्धं, आणि त्याला मुख्य वाक्याशी बांधायला 'आणि' नाही, 'म्हणून' नाही, 'जेव्हा' नाही. मध्ये नुसता एक स्वल्पविराम. दिवे विझलेले, दारं लावलेली, तो निघाला, असं आपणही बोलतो. फक्त त्याला एवढं मोठं नाव देत नाही. मास्तर वर्गात सांगत, "हा तुकडा वाक्याच्या घरात राहतो, पण वाक्याचा कुणी लागत नाही. हाताने झाकून बघा. उरलेलं वाक्य आपल्या पायावर उभं राहतं की नाही?" मुलं तळहात ठेवून बघत. राहायचं उभं.

समजावणं सोपं होतं. उदाहरण मिळत नव्हतं. जुन्या पुस्तकांतून सगळीकडे सूर्य मावळायचा आणि पाहुणे घरी जायचे, सभा संपायची आणि लोक पांगायचे. मास्तरांनी महिनोन्‌महिने कान टवकारून ठेवले, पण घरात कुणी तसं बोलेना. हस्तलिखित प्रकाशकाकडे जायची वेळ झाली तरी त्या धड्यात पहिल्या उदाहरणाची जागा कोरीच होती.

त्याच सुमाराला वहिनींना दिवस गेले होते. लग्नाला बरीच वर्षं होऊन गेलेली, त्यामुळे घरात सगळे पाऊल न वाजवता चालत होते. दादांनी मागची छोटी खोली रिकामी केली, कुठून तरी पाळणा आणला, आणि तो हलतो की नाही हे दिवसातून दहादा हलवून बघितलं. मावशी त्यांना म्हणाली, "बाळ यायच्या आधीच मोडशील तो."

बाळ आलं एका सकाळी. मास्तर रुग्णालयाच्या लांबलचक व्हरांड्यात, मांडीवर थर्मास घेऊन बाकावर बसले होते. आतून एकदा बारीक रडणं ऐकू आलं, मांजराच्या पिल्लासारखं. मावशीने त्यांचा हात दाबला. मग नर्सची धावपळ सुरू झाली, एक डॉक्टर आत गेले, दुसरे गेले. दादा त्या वेळी आत होते की औषधांच्या खिडकीपाशी, हे मास्तरांना नंतर कधी आठवलं नाही. दुपार व्हायच्या आत सगळं संपलं होतं.

त्यांना आत जाऊ दिलं तेव्हा वहिनी भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मावशी पलंगाच्या पायाशी उभी राहून पांघरुणाची घडी नीट करत राहिली. मग वहिनी कुशीवर वळल्या, दोघांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तुम्ही सगळे जेवलात का?"

मावशी तोंडाला पदर लावून बाहेर गेली. मास्तर "हो" म्हणाले. कुणीही जेवलेलं नव्हतं.

संध्याकाळी मास्तर घरी एकटे होते. कपडे न बदलता ते टेबलाशी जाऊन बसले, ते काही लिहायचं म्हणून नव्हे. दुसरीकडे कुठे बसावं ते सुचलं नाही म्हणून. समोर तो धडा उघडा पडला होता. हात आपोआप पेनाकडे गेला आणि कोऱ्या जागेत एक इंग्रजी वाक्य उतरलं. त्याचा आपल्याकडचा अर्थ एवढाच : बाळ येऊन गेलेलं, तिने विचारलं तुम्ही जेवलात का. मास्तरांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. एक शब्द कमी करता येत नव्हता, एक जास्त नको होता. कित्येक महिने अडलेलं गाडं सुटलं होतं, आणि मास्तरांनी शीळ घातली.

खुशीची, छोटीशी शीळ. आपणच घातली हे कळायला त्यांना एक क्षण लागला. मग ते दचकून उठले आणि उगाचच दार लावून आले.

खरं तर ते वाक्य त्यांनी तेव्हाच फाडायला हवं होतं. फाडलं नाही. कुणाचं नाव थोडंच आहे त्यात, असं त्यांनी मनाला समजावलं. वहिनी शाळेत शिकल्या तेवढंच इंग्रजी जाणतात, व्याकरण कशाला उघडतील, असंही समजावलं. माणूस स्वतःची समजूत घालायला बसला म्हणजे काय, कारणांना तोटा नसतो.

घरात त्या सकाळीबद्दल कुणी बोलत नव्हतं. तसं ठरवलं नव्हतं, पण ठरल्यासारखंच झालं. दादांनी पाळणा परत केला, मागच्या खोलीला रंग दिला आणि तिथे फ्रेमांची खोकी नेऊन ठेवली. बाळाचं नाव ठेवायला सवड मिळाली नव्हती. फोटो कुणी काढला नव्हता. पुढे दुसरं मूल झालं नाही. वहिनी दुकानात बसायला लागल्या आणि गिऱ्हाइकांना दादांपेक्षा त्याच जास्त आवडायला लागल्या, कारण फ्रेम शोभत नसेल तर त्या सरळ तसं सांगत.

पुस्तक निघालं आणि गाजलं. शाळाशाळांतून लागलं. पहिली प्रत आली त्या दिवशी दादांनी ती उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाले, "अरे, अक्षरं केवढी बारीक! हे वाचता आलं म्हणजे माणूस बरा झाला समजायचं." झालं, तेव्हापासून ती प्रत दुकानात राहिली. जवळचा नंबर काढायचा असला की ज्यांना इंग्रजी येतं त्यांच्या हातात वहिनी मास्तरांचं पुस्तक देत आणि वाचायला सांगत. गावात अर्ध्या लोकांनी मास्तरांचं व्याकरण फक्त चष्म्यासाठी वाचलं होतं, आणि ते त्यांना रस्त्यात भेटून तसं सांगतही.

मास्तर हसत. पण दरवर्षी तो धडा शिकवायची वेळ येई. सबंध वर्ग एका सुरात ते वाक्य म्हणे. मास्तर फळ्याकडे तोंड करून उभे राहत. मग मुलं तळहात ठेवून बाळ झाकत, आणि उरलेलं वाक्य उभं राहतंय, असं ओरडून सांगत.

आणि मग एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. "सर, बाळ आलं आणि गेलं म्हणजे कसं गेलं? बसने?"

वर्ग खो खो हसला. पोरगं वात्रट होतं, पण त्याचा काही दोष नव्हता. त्याला काय माहीत. दोष घडला तो पुढे. मास्तरांच्याही ओठांवर हसू आलं. क्षणभरच, मास्तर लोकांना वर्गाबरोबर हसायची सवय असते तसं. पण आलं. मास्तरांनी ते पुसल्यासारखं तोंडावरून हात फिरवला. त्या दिवशी ते घरी आले तर वहिनींनी नेहमीप्रमाणे ताट वाढून ठेवलं होतं. "भाऊजी, आज उतरलेले दिसता. कुणी छळलं?" मास्तर अर्ध्या ताटावरून उठले.

नव्या आवृत्तीची प्रुफं आली तेव्हा त्यांनी ठरवूनच टाकलं. लाल पेनाने ते वाक्य खोडलं आणि वर दुसरं लिहिलं : पाऊस थांबलेला, मुलं खेळायला बाहेर गेली. मेलेलं वाक्य. आपल्या हाताने लिहिलेलं पहिलंच, आणि लिहिताना त्यांना केवढं हलकं वाटलं.

प्रकाशकाने फोन केला. "मास्तर, तेवढं एक ठेवा हो. मला अजून पाठ आहे ते. या धड्यात दुसरं आहे काय?"

"मुलांना जड जातं," मास्तर म्हणाले.

"आणि पाऊस?"

"पाऊस कुणालाही कळतो."

प्रकाशकाने नाद सोडला. पुस्तक छापलं गेलं, आणि मास्तरांच्या जिवात जीव आला. आता एकच काम उरलं होतं. दुकानातली जुनी प्रत. तिचा पुठ्ठा गेला होता, पानं सुटली होती, बोटांनी कडा काळ्या झाल्या होत्या. वहिनी वर जेवायला गेल्या होत्या ती वेळ साधून मास्तरांनी ती उचलली आणि कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याच्या गाडीत, जुन्या मासिकांच्या गठ्ठ्याखाली सरकवून दिली. तिच्या जागी कोरी करकरीत प्रत ठेवली. अपराध तर अपराध, निदान त्याची खूण घरात नको, असा त्यांचा हिशोब होता. आपण फार चांगलं काही करतो आहोत, असंच त्यांना वाटत होतं.

वहिनी खाली आल्या. नवी प्रत बघून म्हणाल्या, "अगबाई, आली वाटतं! छान आहे हो वेष्टन," आणि त्यांनी ती दोन्ही हातांत घेऊन वास घेतला. तेवढ्यात एक बाई आल्या. हॉटेलच्या स्वागतकक्षात काम करत होत्या. पाहुण्यांच्या पारपत्रावरचे आकडे आताशा नीट दिसत नाहीत, म्हणाल्या. वहिनींनी त्यांना खुर्चीवर बसवलं, ती चाचणीची जड गोल फ्रेम नाकावर ठेवली आणि तिच्यात काचा बसवल्या. मागच्या खोलीत दादा काचा घासत होते, त्या यंत्राची घरघर चालू होती. मास्तर काउंटरला टेकून मजेत उभे होते.

वहिनींनी पुस्तक घेतलं. जुनी प्रत आपणहून एका ठिकाणी उघडायची, ही उघडेना. त्या पानं उलटत गेल्या, कर्मणी प्रयोग ओलांडला, जर-तर ओलांडलं. स्वतःच्या वाक्याकडे त्यांनी बघितलंही नाही. मास्तरांच्या लक्षात यायला लागलं तसं त्यांचं हसू विरत गेलं. वहिनींचा अंगठा त्या धड्यावर येऊन थांबला. त्यांनी पुस्तक त्या बाईंच्या हातात दिलं आणि बोटाने जागा दाखवली. "इथलं पहिलं वाक्य. मोठ्याने."

बाईंनी वाचलं. पाऊस थांबलेला, मुलं खेळायला बाहेर गेली.

वहिनींनी पुस्तकात वाकून बघितलं. बाईंनी वर बघितलं. "बरोबर वाचलं ना?"

"बरोबर वाचलंत," वहिनी म्हणाल्या. त्यांनी काच बदलली, नंबर लिहून घेतला, फ्रेम निवडायला मदत केली, सोनेरी नको, तुम्हाला ती खुलत नाही, असंही सांगितलं. सगळं अगदी रोजच्यासारखं. बाई गेल्या. पुस्तक तसंच उघडं होतं.

"भाऊजी," वहिनींनी विचारलं, "इथे पाऊस कधीपासून पडायला लागला?"

"नवी आवृत्ती आहे, वहिनी. काही काही उदाहरणं बदलली."

"काही काही?"

मास्तर पुस्तकाकडे बघत म्हणाले, "एकच."

"जुनं पुस्तक कुठे आहे?"

"रद्दीत दिलं. फाटलं होतं ना. पण मी दुसरं आणून देतो, शाळेत ढिगाने पडलीत. आत्ता जातो."

"मला जुनं कशाला हवंय? मला पाठ आहे." आणि वहिनींनी, ज्यांना मास्तर शाळेपुरतं इंग्रजी येणाऱ्या समजत होते त्यांनी, एकही शब्द न अडखळता म्हणून दाखवलं. "द बेबी कम अँड गॉन, शी आस्क्ड इफ वी हॅड ईटन." स्वल्पविरामाशी त्या नीट थांबल्या.

मास्तर म्हणाले, "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून. ह्यांनी पुस्तक दुकानात आणलं, मी आपलं चाळायला घेतलं. म्हटलं बघू या, भाऊजींनी आम्हाला कुठे कुठे टांगलंय. तर हे." वहिनींनी काउंटरवरचा फडका उचलला आणि आधीच स्वच्छ असलेली काच पुसायला घेतली. "त्या दिवशी मी तुमच्या ताटात मीठ वाढलं नव्हतं. तुम्हाला कळलंही नाही."

"वहिनी, माझं चुकलं. मला इतकी वर्षं लाज वाटत होती. तुमचं दुःख उचलून मी धड्यात घातलं. तुम्हाला विचारलंसुद्धा नाही."

"आणि काढताना विचारलंत?"

मास्तरांनी नव्या प्रतीचं पान उगाच सारखं केलं.

"माझा राग किती दिवस टिकायचा हो," वहिनी म्हणाल्या. "एकदा एक मुलगी आली, कॉलेजातली. तिच्या हातात पुस्तक दिलं, तिने नेमकं ते पान उघडलं आणि मोठ्याने वाचलं. मला घरात कुणाच्या तोंडून 'बाळ' असा शब्द ऐकून किती काळ झाला होता! तुम्ही सगळे मला जपत होता. ह्यांनी खोली रंगवली. मावशी आल्या की हवापाण्याचं बोलायच्या. फोटो नाही, नाव नाही, काही नाही. मला कधी कधी वाटायचं, मीच काही तरी कल्पून बसलेय. आणि एक परकी मुलगी माझ्यासमोर बसून म्हणतेय, बाळ आलं होतं. तेव्हापासून मी सगळ्यांना तेच पान द्यायला लागले. रोज कुणी ना कुणी वाचायचं. शाळेत तुमची मुलं वाचायची, तेही मला माहीत होतं. दर वर्षी नवी मुलं. मी म्हणायचे, चला, यंदा याची इतक्या जणांशी ओळख झाली."

रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. यंत्र घरघरत होतं. वर्गातल्या तळहातांचं, त्या हसण्याचं काहीही वहिनींना सांगायचं नाही, एवढंच मास्तरांना त्या क्षणी कळत होतं. छापखान्यातून निघालेले गठ्ठे आता कुठवर पोचले असतील याचा हिशोब त्यांच्या डोक्यात नको असताना चालू झाला. प्रत्येक गठ्ठ्यात पाऊस थांबलेला.

"एक विचारू?" वहिनी म्हणाल्या. "खरं सांगायचं. ते लिहिलंत तेव्हा तुम्हाला काय वाटलं होतं?"

खोटं बोलायला जागा होती. वाईट वाटलं, रडू आलं, असं म्हणता आलं असतं, आणि वहिनींनी ते चालवूनही घेतलं असतं. पण रुग्णालयात एकदा 'हो, जेवलो' म्हणून झालं होतं.

"आनंद झाला होता," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला. "वाक्य जमलं म्हणून. फार आनंद झाला होता, वहिनी. मी शीळ घातली."

वहिनींचा फडक्याचा हात थांबला. आता त्या काय बोलतील ते बोलू देत, वाट्टेल ते बोलू देत, असं मास्तर मनात म्हणत होते. त्यांना ते हवंच होतं.

"चला," वहिनी म्हणाल्या. "म्हणजे तो आला त्या दिवशी एकाला तरी त्याच्यामुळे आनंद झाला."

मास्तरांनी त्यात टोमणा शोधला. सापडला असता तर बरं झालं असतं. त्यांच्या डोळ्यांना धार लागली आणि ती लपवायला दुकानात आरशांशिवाय काही नव्हतं. जिकडे वळावं तिकडे ते स्वतःच रडताना दिसत होते.

दार उघडून एक म्हातारे गृहस्थ आत आले. मोठं पोट, मोठा आवाज. बोटीवर स्वयंपाकी होतो, आता निवृत्त झालो, म्हणाले. दूरचं समुद्रापर्यंत दिसतं, पण हातातलं वर्तमानपत्र दिसत नाही. इंग्रजी येतं का, असं वहिनींनी विचारलं तर ते म्हणाले, "जहाजावर शिव्या इंग्रजीतच खाल्ल्या."

वहिनींनी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि फ्रेम चढवली. मग पुस्तक मास्तरांपुढे सरकवलं. काचांवर खुणा करायचं बारीक टोकाचं पेन त्यावर ठेवलं. "लिहा."

मास्तरांनी पावसाच्या वर, समासाला लागून, जितक्या बारीक अक्षरात जमेल तितक्या बारीक लिहिलं. फळ्यावर आयुष्य गेलेल्या माणसाचं अक्षर पोरासोरासारखं आलं.

म्हाताऱ्याने पुस्तक डोळ्यांसमोर धरलं. "छापलेलं वाचू की हाताने लिहिलेलं?"

"हाताने लिहिलेलं."

"द बेबी कम अँड गॉन," म्हाताऱ्याने वाचलं, श्वास घेतला, "शी आस्क्ड इफ वी हॅड ईटन." त्यांनी पुस्तक खाली केलं. जाड काचांमागे त्यांचे डोळे मोठे दिसत होते. "दिसतंय की स्वच्छ. पण बाई, हे बाळ कुणाचं?"

आजवर कुणी विचारलं नव्हतं. लोक नंबर घ्यायचे आणि जायचे.

"माझं," वहिनी म्हणाल्या. "मुलगा होता."

मागच्या खोलीतलं यंत्र थांबलं.

दादा दारात येऊन उभे राहिले. हातांना काचेची पांढरी पूड, चष्मा कपाळावर. आता ते नेहमीसारखे चष्मा शोधून मागतील, असं मास्तरांना वाटलं. दादांनी कुणाकडेच बघितलं नाही. त्यांनी पुढे होऊन दोन बोटं स्वतःच्या कानामागे ठेवली.

"कान माझ्यावर गेले होते," दादा म्हणाले. "इथे, असे जरा बाहेर आलेले. मी बघितले ना. पुढे फ्रेम छान बसली असती."

वहिनींनी तोंडावर हात धरला. म्हाताऱ्याने हळूच चाचणीची फ्रेम काढून काउंटरवर ठेवली. आणि मास्तरांचा हात, इतक्या वर्षांच्या सवयीने, शर्टाच्या खिशाकडे गेला. बोटांना कागदाचा कपटा लागला तेव्हा त्यांना कळलं आपण काय करतो आहोत, आणि हात तिथेच दाबून धरून ते उभे राहिले.